आइस्क्रीम राहू द्या, पावडर परत पाठवा

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. वजन कमी करायचं तिनं मनावर घेतलंय. परवा तिनं ऑनलाइन 'नॅनोफायबर' नावाची पावडर मागवली. जाहिरात म्हणते, जेवणातली चरबी अंगाला लागू देत नाही आणि शंभर टक्के नैसर्गिक आहे. पाकिटावर बारीक अक्षरांत 'नॅनोसेल्युलोज' असं आहे. माझे दीर म्हणाले, म्हणजे लाकडाचा भुसा. जाऊबाई म्हणाल्या, नॅनो कण रक्तात उतरतात. मग मी घरातली सगळी पाकिटं तपासायला बसले, तर आइस्क्रीमच्या डब्यावर सेल्युलोज आणि सासूबाईंच्या थायरॉईडच्या गोळीसोबतच्या कागदावरही सेल्युलोज! आता काय ठेवू आणि काय फेकू?

उत्तर : ताई, आइस्क्रीम परत फ्रीजरमध्ये ठेवा. सासूबाईंची गोळी तर अजिबात बंद करू नका. पावडरीचं पाकीट मात्र फोडलं नसेल तर परत पाठवा, आणि फोडलं असेल तर लेकीच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. कारणं सांगते. थोडं लांबेल, कारण तुमच्या पत्रात तीन-चार प्रश्न एकमेकांत अडकलेत आणि त्यांतला खरा काळजीचा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही.

आधी दिरांचं बघू. लाकडाचा भुसा हे त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. खाद्यपदार्थांत घालायचं सेल्युलोज बहुतेक वेळा लाकडाच्या किंवा कापसाच्या लगद्यापासूनच काढतात. पण भुशात लिग्निन, राळ आणि आणखी बरंच काही असतं. ते सगळं धुऊन, शिजवून काढून टाकल्यावर उरतं ते सेल्युलोज. भाजीच्या देठात, फळाच्या सालीत, धान्याच्या कोंड्यात असतं तेच हे. १८३८ मध्ये आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ते वनस्पतींतून वेगळं करून दाखवलं. रेणू बघायला गेलं तर स्टार्चसारखीच ग्लुकोजची साखळी, फक्त दुवे जोडण्याची तऱ्हा वेगळी. स्टार्चचे दुवे आपल्या पोटातली विकरं, म्हणजे एन्झाइम, तोडतात, सेल्युलोजचे त्यांना तोडता येत नाहीत. म्हणून स्टार्चची साखर होते आणि सेल्युलोजचा चोथा. मोठ्या आतड्यातले जिवाणू या चोथ्यातला काही भाग आंबवतात; भाजीपाल्यातला बराचसा, लाकडापासून शुद्ध केलेला फारच थोडा. बाकीचा आत गेला तसा बाहेर पडतो.

आइस्क्रीमच्या डब्यावर तुम्हाला दिसलं ते बहुधा मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज असणार, म्हणजे एमसीसी. खाद्यपदार्थांत घालायच्या घटकांच्या यादीतला त्याचा क्रमांक ई ४६० किंवा आयएनएस ४६०. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत ऑर्लँडो बटिस्टा यांच्या प्रयोगशाळेत ते जन्माला आलं. लगद्यावर आम्लाची प्रक्रिया करायची, साखळीचे मऊ भाग विरघळून जातात आणि कडक स्फटिकांची पांढरी पूड उरते. आइस्क्रीममध्ये ती बर्फाचे मोठे खडे होऊ देत नाही. गोळ्यांमध्ये तर ती सर्रास असते, कारण औषधाचा मूळ डोस इतका चिमूटभर असतो की त्याला गोळीचा आकार द्यायला काहीतरी निरुपद्रवी भर घालावीच लागते. थायरॉईडची गोळी हे त्याचं नमुनेदार उदाहरण. तिच्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. हातात दिसते ती जवळजवळ सगळी भरच.

या जाड्याभरड्या सेल्युलोजबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे ईएफएसएनं, २०१८ मध्ये ई ४६० पासून ई ४६९ पर्यंतची सेल्युलोजची सगळी घराणी नव्यानं तपासली. सध्याच्या वापरात काळजीचं कारण नाही आणि रोजच्या सेवनाला आकड्यातली मर्यादा घालायची गरज नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच घराण्यातल्या एका भावंडाविषयी पुढे सांगणार आहे, त्याची गोष्ट थोडी वेगळी निघाली. पण एमसीसीच्या बाबतीत युरोपच्या नियमांतली एक छोटी अट तुमच्या कामाची आहे. पाच मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण दहा टक्क्यांहून जास्त चालत नाहीत. पाच मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग, किंवा पाच हजार नॅनोमीटर, आणि नॅनोची रेघ साधारणपणे शंभर नॅनोमीटरवर ओढतात. म्हणजे डब्यावरचं सेल्युलोज आणि पाकिटावरचं नॅनोसेल्युलोज यांच्यात नुसता नावाचा फरक नाही. एकाच्या तपासणीचा दाखला दुसऱ्याला चालत नाही. पावडर विकणारे नेमकं हेच करतात. 'सेल्युलोज तर जगभर मान्य आहे' एवढं म्हणून मोकळे होतात.

आता नॅनोसेल्युलोज म्हणजे काय ते. हेही एकच एक नाही. एक प्रकार नॅनोस्फटिकांचा. तीव्र सल्फ्युरिक आम्लानं लगद्याचे तुकडे करत गेलं की तांदळाच्या दाण्याच्या आकाराच्या, पण ५ ते २० नॅनोमीटर रुंद आणि शे-पाचशे नॅनोमीटर लांब काड्या मिळतात. दुसरा प्रकार नॅनोतंतूंचा. त्यात आम्लाऐवजी जोर वापरतात. टर्बाक, स्नायडर आणि सँडबर्ग या अमेरिकी संशोधकांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लाकडाच्या लगद्याचं पाणी दुधाच्या होमोजिनायझरमधून, म्हणजे दूध एकजीव करायच्या यंत्रातून, प्रचंड दाबानं पुन्हा पुन्हा काढलं. बाहेर आला तो जेल. तंतू उभे चिरत चिरत काही नॅनोमीटर जाडीचे होतात, लांबी मात्र काही मायक्रोमीटर राहते, आणि ते एकमेकांत इतके गुंततात की दोन टक्के तंतू आणि बाकी सगळं पाणी असलेली बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. जोरात हलवली की वाहू लागते, ठेवून दिली की पुन्हा बसते. खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांना याचं वेड का लागलंय ते इथे कळतं. चरबी काढून घेतलेल्या पदार्थाला चरबीचा दाटपणा द्यायला इतकं स्वस्त आणि बिनचवीचं दुसरं काय मिळणार? तिसरा प्रकार जिवाणूंनी विणलेला. नारळपाण्यात कोमागाटाईबॅक्टर जातीचे जिवाणू जो पांढरा थर धरतात तो हाच. फिलिपिन्समध्ये नाता दे कोको म्हणून तो कैक वर्षं खाल्ला जातो, आणि त्याच्या तंतूंची जाडी नॅनोमीटरमध्येच मोजावी लागते.

तेव्हा नॅनो माणसाच्या पोटात कधी गेलंच नाही, असं नाही. तरी मापाला महत्त्व आहे. खडीसाखरेचा खडा आणि पिठीसाखर पाण्यात टाकून बघा: वस्तू तीच, पण बारीक केल्यावर पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि वागणूक बदलते. नॅनोसेल्युलोज विरघळत नाही, पण त्याच्या त्या अवाढव्य पृष्ठभागाला पोटातल्या इतर गोष्टी चिकटतात. गोम आहे ती या चिकटण्यात.

जाऊबाईंची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ती कुठून आली ते ठाऊक आहे. टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे ई १७१, हा पांढरा रंग वर्षानुवर्षं गोळ्या-चॉकलेटांत होता. त्यात नॅनो आकाराचे कणही असतात. २०२१ मध्ये ईएफएसएनं सांगितलं की तो डीएनएला इजा करत नाही याची खात्री देता येत नाही, आणि २०२२ मध्ये युरोपनं खाद्यपदार्थांतून तो हद्दपार केला. तेव्हापासून नॅनो म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. पण सेल्युलोजचे तंतू तसे वागताना दिसलेले नाहीत. ते लांब असतात, गुंतलेले असतात, जठरातल्या आम्लात आणि क्षारांत बरेचसे गोळा होऊन बसतात. हार्वर्डमधल्या एका गटानं आतड्याच्या पेशींचा थर प्रयोगशाळेत वाढवून त्यावर पचवलेलं नॅनोसेल्युलोज सोडलं. पेशी मेल्या नाहीत, थराला भोकं पडली नाहीत. मग उंदरांना पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा, एक टक्क्याचं मिश्रण नळीनं पाजलं. रक्तात आणि अवयवांच्या तपासणीत वावगं काही सापडलं नाही. हे २०१९ चं. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांना ९० दिवस खाण्यातून चार टक्क्यांपर्यंत तंतू दिले; तिथेही अपाय दिसला नाही. त्या उंदरांच्या पोटात दर किलो वजनामागे रोज दोन ग्रॅमहून जास्त तंतू जात होते.

म्हणजे विषारी आहे का, या प्रश्नाचं उत्तर आजवरच्या पुराव्यावरून 'तसं दिसत नाही' असं आहे. पण पुराव्याची लांबी बघा: उंदीर, आणि फार तर ९० दिवस.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. जाहिरातीतला चरबीचा दावा खोटा असता तर मी निम्मी निश्चिंत झाले असते. तो पुरता खोटा नाही. हार्वर्डच्याच गटानं २०१८ मध्ये दाट मलईत पाऊण टक्का नॅनोतंतू मिसळले आणि कृत्रिम जठर-आतड्यात ती पचवून बघितली. चरबीचं विघटन जवळजवळ निम्म्यावर आलं. उंदरांना तशी मलई दिल्यावर जेवणानंतर रक्तात चढणारी चरबी सुमारे एक तृतीयांशानं कमी भरली. कसं होतं हे? आतड्यात पित्तरस चरबीचे बारीक बारीक थेंब करतो, म्हणजे लायपेज नावाच्या विकराला ते तोडता यावेत. नॅनोतंतूंवर हे थेंब येऊन चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि विकराला भिडायला जागा उरत नाही. शिवाय पित्तातले क्षारही तंतू धरून ठेवतात.

जी गोष्ट चरबी शोषू देत नाही, ती चरबीबरोबर प्रवास करणारं दुसरं काय काय अडवेल? ए, डी, ई आणि के ही चारही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात. गाजराला रंग देणारं कॅरोटीन तसंच. ऑर्लिस्टॅट नावाचं वजन कमी करायचं औषध आहे, १९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं. तेही लायपेजला अडवतं आणि खाल्लेल्या चरबीतली साधारण ३० टक्के शोषू देत नाही. ते घेणाऱ्याला डॉक्टर या जीवनसत्त्वांची वेगळी गोळी देतात, तीही औषधापासून दोन तासांच्या अंतरानं, आणि तेलकट जुलाबांची आधीच कल्पना देतात. एक औषध म्हणून चिठ्ठीवर लिहून, सूचना देऊन दिलं जातं. त्याच प्रकारच्या परिणामाचा दावा करणारी दुसरी वस्तू 'नैसर्गिक फायबर' म्हणून सतरा वर्षांच्या मुलीच्या हातात पडते. तिची हाडं अजून भरायची आहेत, डी जीवनसत्त्व तिला आत्ताच लागणार आहे. माझा आक्षेप इथे आहे.

थोडं विषयांतर करते, पण गंमत आहे. नॅनोतंतू ओले असताना जसे असतात तसे वाळवल्यावर राहत नाहीत. पाणी उडून गेलं की ते एकमेकांना इतके घट्ट चिकटतात की पुन्हा पाण्यात टाकले तरी सुटे होत नाहीत. न चिकटता वाळवण्याच्या युक्त्या आहेत, पण त्या महागड्या. म्हणून 'नॅनो' लिहिलेल्या कोरड्या पावडरीत नॅनो किती आणि साधी पूड किती, हे पाकीट बघून कुणालाच सांगता येणार नाही. परिणाम झाला तर तोटा, नाही झाला तर पैसे पाण्यात. कुठल्याही बाजूनं सौदा चांगला दिसत नाही.

घराण्यातल्या ज्या भावंडाबद्दल म्हटलं होतं ते म्हणजे सीएमसी, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, ई ४६६. हे नॅनोसेल्युलोज नाही. पण तेही 'पोटातून नुसतं आरपार जातं' अशाच भरवशावर कैक दशकं वापरात होतं. २०२२ मध्ये निरोगी माणसांवर एक काटेकोर प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना अकरा दिवस रोज १५ ग्रॅम सीएमसी दिलं. डोस मोठाच होता. पण तेवढ्यात आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलली, त्यांनी तयार केलेली उपयोगी आम्लं घटली, आणि दोघांमध्ये जिवाणू आतड्याच्या भिंतीजवळच्या श्लेष्मथरात सरकलेले आढळले. न पचणारी वस्तूसुद्धा पोटातल्या जिवाणूंशी व्यवहार करते, एवढं त्यातून घ्यावं. नॅनोसेल्युलोज खाल्लेल्या उंदरांच्या जिवाणूंतही काही फेरफार दिसले आहेत. ते चांगले की वाईट, यावर आज ठाम बोलणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

नियमांचं थोडक्यात. युरोपात मुद्दाम नॅनो आकारात घडवलेला घटक २०१५ च्या नवअन्न नियमाखाली येतो, आधी परवानगी लागते, आणि घटकांच्या यादीत नावापुढे 'नॅनो' असं लिहावं लागतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, २०१४ मध्ये उत्पादकांना बजावलं की जुना मान्य घटक नॅनो आकारात आणला तर जुनी सुरक्षितता आपोआप लागू होते असं धरू नका. दोन्हींचा रोख एकच आहे.

लेकीशी बोलताना 'विष आहे' म्हणू नका. ती दोन मिनिटांत फोनवर शोधेल, उंदरांचे अभ्यास तिला सापडतील, आणि पुढचं तुमचं कुठलंच म्हणणं ती ऐकणार नाही. त्यापेक्षा तिलाच विक्रेत्याला लिहायला सांगा: हे तंतू आहेत की स्फटिक? एका डोसात किती ग्रॅम? सल्फ्युरिक आम्ल वापरलं असेल तर ते पुरतं धुतल्याचा आणि जिवाणू व जड धातू तपासल्याचा अहवाल आहे का? माणसांवर, तिच्या वयाच्या मुलींवर, कधी बघितलंय का? येणारं उत्तर, किंवा न येणारं, तिचं तिलाच पुरेसं बोलकं वाटेल. फायबर हवंच असेल तर जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी रोज किमान २५ ग्रॅम म्हणते, आणि २०२३ च्या शिफारशीत 'अन्नात मुळातच असलेलं' असं मुद्दाम म्हटलंय. फळं, भाज्या, डाळी, अख्खी धान्यं. आणि वजनाचं इतकं का मनाला लागलंय, हे तिला एकदा निवांत विचारा. जेवण टाळते आहे, पाळी अनियमित झाली आहे, असं काही दिसलं तर पावडरीचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

पाकीट फोडलं असेलच तर दोन गोष्टी सांभाळा. पूड हवेत उडेल अशी ओतू नका. पोटातून जी वस्तू निघून जाते ती फुप्फुसातून सहजी निघत नाही. उंदरांच्या फुप्फुसांत नॅनोस्फटिक गेल्यावर दाह झालेला दिसलाय, आणि म्हणूनच कारखान्यात ती हाताळणाऱ्यांना मास्क लावावा लागतो. दुसरं, पाण्यात फुगणारी कुठलीही पूड कोरडी किंवा घोटभर पाण्याबरोबर गिळायची नसते. १९९० च्या सुमारास अमेरिकेत ग्वार गमच्या, म्हणजे गवारीच्या बियांपासून काढलेल्या डिंकाच्या, वजन उतरवायच्या गोळ्या अन्ननलिकेत फुगून अडकल्या होत्या, आणि शेवटी त्या बाजारातून काढाव्या लागल्या.

राहिल्या सासूबाई. त्यांच्या गोळीतल्या सेल्युलोजनं त्यांना काही होणार नाही. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर मध्ये चार तास जाऊ द्यायचे. फायबरच्या पावडरी, मग त्या नॅनो असोत की साध्या, या गोळीचं शोषण कमी करू शकतात. तेव्हा सुनेच्या किंवा नातीच्या डब्यातला एक चमचा 'पोट साफ राहतं म्हणून' त्यांनीही सुरू केलेला नाही ना, हे तेवढं विचारून घ्या. केला असेल तर डॉक्टरांना सांगून पुढची टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी थोडी आधी करून घ्या.